मधलं पान

सरांच्या खोडरबराबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, हे आमच्या केंद्रातल्या सगळ्या मास्तरांना ठाऊक आहे. अडचण एवढीच की कोणतं निम्मं, हे आता माझं मलाही सांगता येत नाही. ते रबर साबणाच्या वडीएवढं होतं. हॉटेलातल्या नव्हे, घरातल्या नव्या वडीएवढं. एका अंगानं झिजून त्याला बैलासारखं वशिंड आलं होतं. सरांनी नोकरीत मास्तरांची जेवढी उद्दिष्टं खोडली त्यांचा भुगा साठवला असता तर परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या ढिगाला शेजार मिळाला असता, आणि वारं सुटलं की तोही लोकांच्या डोळ्यांत गेला असता. सरांच्या हाताखालून गेलेल्या मास्तरांचे डोळे म्हणूनच लाल असायचे, असं मी सांगतो. खरं कारण वेगळं होतं. ते सर्वांना रडवायचे.

सर म्हणजे मास्तरांचे मास्तर. शिकवायचं काय आणि कोणत्या क्रमानं, म्हणजे अभ्यासक्रम कसा रचायचा, ते जिल्ह्यातल्या गुरुजींना शिकवायचं, ही त्यांची नोकरी. एसटीनं यायचे, खांद्याला खाकी पिशवी. प्रशिक्षण शाळेत असो, पंचायत समितीत असो की एखाद्या मंगल कार्यालयात, चप्पल दाराबाहेर काढायचे. एकदा एका व्यवस्थापकानं सांगितलं, "सर, इथं चप्पल चालती." सर म्हणाले, "मला चालत न्हाई. वर्गात चप्पल घालून जानारा मास्तर निघायच्या तयारीनं आलेला असतो."

दारातच स्टीलचा एक डबा ठेवलेला असायचा. आत येणाऱ्यानं आपलं पेन त्यात टाकायचं आणि पेन्सिल उचलायची. वीस-वीस वर्षं नोकरी झालेले, मुलांची लग्नं उरकलेले गुरुजी पेन्सिल हातात धरून वेड्यासारखे उभे राहायचे. एकानं धीर करून विचारलं, "सर, आमी काय पहिलीतली पोरं हाव का?"

"पहिलीतली असता तर खोडायची लाज वाटली नसती," सर म्हणाले.

आणि त्यांचा तो प्रश्न. कुणी लिहायचं, 'विद्यार्थ्यांमध्ये सौंदर्यदृष्टी विकसित होईल.' सर मागून येऊन वाकायचे.

"कवा?"

"अं... वर्षभरात, सर."

"वार सांगा."

घाबरलेला माणूस काहीही बोलतो. तो बिचारा म्हणाला, "बुधवारी."

"बरं. बुधवारी सौंदर्यदृष्टी विकसित व्हायलीय. त्या वक्ताला पोरगं काय करायलंय?"

गुरुजी बराच वेळ छताकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बसलंय, सर."

"मंग खोडा."

त्या वर्षी अंबाजोगाईला सहा दिवसांचं प्रशिक्षण लागलं. नेहमीचं नव्हे. शिक्षक आणि लोककलावंत दोघांनी मिळून एकेक अभ्यासक्रम तयार करायचा, असा हुकूम वरून आला होता. चाळीस मास्तर आणि अकरा कलावंत. परळीकडचे एक गोंधळी होते, भारूड करणाऱ्या एक बाई होत्या, एक कुंभारकाका होते. पहिल्या दिवशी मास्तर आपोआप खुर्च्यांवर बसले आणि कलावंत आपोआप सतरंजीवर. कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता जे होतं तेच आपल्याकडचं खरं परिपत्रक.

सर आले. चप्पल काढली, सतरंजीवर मांडी घातली, तोंड कलावंतांकडं केलं आणि पाठ आमच्याकडं. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती इतक्या हळू आवाजात की खुर्चीवरून पुढं झुकता झुकता चार मास्तर जवळजवळ पडले. दुपारच्या पुरीभाजीनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या. त्यांनी एका शब्दानं कुणाला खाली बसा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मंडपवाला खुर्च्या परत घेऊन गेला आणि पंख्याचं वारं एकदम सगळ्यांना लागायला लागलं.

माझ्या जोडीला आले आमच्याच वाडीचे मामा. घाटनांदूरच्या अलीकडं आमची वाडी, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी. मामा हलगी वाजवतात. मामांची हलगी तापली की शेजारच्या तालुक्यातल्या म्हशी दूध चोरतात, असं मी बाहेरगावी सांगतो. वाडीत सांगत नाही, कारण तिथं मामा असतात. त्यांनी शाळेतली एकोणीस पोरं स्वतः निवडली होती, कान पारखून. त्यातली आठवीतली गोदा सगळ्यात तयार. वर्गात तोंड उघडायची नाही, पण बाकावर बोटं ठेवली की मी शिकवायचा थांबायचो.

आता आराखडा लिहायचा म्हटलं तर तालुक्यात माझ्याएवढा देखणा आराखडा कुणी लिहीत नसे. हे मी म्हणत नाही, माझी बायको म्हणते, आणि तीही मी म्हणायला लावल्यावर. मी तीन दिवस पेन्सिलीची टोकं मोडली. तीस आठवडे. प्रत्येक आठवड्याला चौकट. जुलैत हलगीची ओळख, ऑगस्टात बसण्याची ढब, मग एकेक ठेका, डिसेंबरात सराव, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर एकोणीस हलग्यांचं एकत्र वादन. समोर पालक बसलेले, टाळ्या वाजवत. मामांना मी प्रत्येक चौकट वाचून दाखवली. ते प्रत्येक चौकटीला म्हणाले, "व्हय गुरजी."

पाचव्या दिवशी मी आराखडा सगळ्यांपुढं मांडला. सौंदर्यदृष्टी कुठंच नव्हती. प्रत्येक ओळीत पोरगं काहीतरी करत होतं. सरांनी एकदाही 'खोडा' म्हटलं नाही. मी मनातल्या मनात हार घालून घेतला.

मग सर माझ्याकडं न बघता मामांकडं वळले. "मामा, तुमी सव्वीस जानेवारीला कुठं असता?"

"फडावर, सर," मामा म्हणाले. "ऊस तोडायला."

"आन् ही पोरं?"

"आमच्या संगंच की. दिवाळी झाली की टोळी निघती."

"टाळ्या वाजवनारे पालक?"

"ती बी तिकडंच."



मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तीच तर लाज. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की माझा वर्ग विहिरीसारखा रिकामा व्हायचा. हंगामी वसतिगृहाचं सांगूनही आमच्या वाडीतले लोक पोरं मागं ठेवत नसत. दर वर्षी जानेवारीत मी बाकांना शिकवायचो. तरीही, पेन्सिल हातात घेतली की माझ्या कागदावर एकोणीस पोरं जागच्या जागी. आणि तो हॉल भरून बसलेल्या चाळीस मास्तरांपैकी निम्म्यांच्या आराखड्यात जानेवारी तसाच भरलेला होता. पानं हळूच उलटी ठेवल्याचे आवाज मी ऐकले.

बाहेर आल्यावर मी मामांवर चिडलो. "मामा, मी तुम्हाला चौकट न् चौकट वाचून दाखवली. कावून बोलला न्हाईत?"

मामा ओशाळले. म्हणाले, "गुरजी, तुमी लिवत व्हता. मला वाटलं, सरकारी कागदातला जानेवारी येगळा आसंल."

सर मागंच उभे होते. त्यांनी पिशवीतून ते रबर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. दुसरं काही बोलले नाहीत. मी तीस आठवडे खोडत बसलो. लिहायला तीन दिवस लागले होते, खोडायला दुपार पुरली.

सहाव्या दिवशी तीन पानं उरली. पहिल्या पानावर 'जाण्याआधी': दिवाळीपर्यंत मामांनी हलगी शेकायला, धरायला आणि तीन ठेके शिकवायचे. तिसऱ्या पानावर 'आल्यावर': पोरांनी आपले ठेके बांधायचे आणि गावापुढं वाजवायचे. मधल्या पानावर नुसतं 'तिकडं'.

"तिकडं काय लिहू, सर?"

"तिकडं तुमी असता का?"

"नाही."

"मंग तुमी कशाला लिवता? पोरास्नी एकच सांगायचं. तिकडं जे ऐकू येईल ते घेऊन या. पान ती लिवतील." मग त्या रिकाम्या पानाच्या कडेला त्यांनी माझ्याकडून एकोणीस नावं लिहवून घेतली, एकाखाली एक, पेन्सिलीनं. प्रत्येक नावापुढं मोकळी ओळ.

हे पान घेऊन सर आणि मी बीडच्या शिक्षण कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी ते उजेडाकडं धरून बघितलं, जणू लिंबाच्या रसानं काही लिहिलं असावं. म्हणाले, "रिकामं पान मंजूर कसं करू? आणि पेन्सिल चालत नाही, तुम्हाला इतकी वर्षं झाली, तुम्हालाच मी सांगायचं का?"

सर म्हणाले, "साहेब, जी पोरं जातात ती आपल्या हरेक आराखड्यात गैरहजर असतात. ह्या एका आराखड्यात ती गेल्यावर बी हजर हाईत. एवढाच फरक हाय."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं विचार करून शेरा मारला: मार्चअखेरपर्यंत तात्पुरती मंजुरी. तोवर पोरं परतून मधलं पान भरलं तर उपक्रम पुढं चालू. नाही तर बंद, आणि ती एकोणीस नावं नेहमीसारखी स्थलांतरितांच्या यादीत.

परत येताना मांजरसुंब्याला एसटी थांबली. ढाब्यावर चहा घेतला. आजूबाजूला ट्रकांचा गोंगाट. हे चहाच्या वेळचं मी वाढवून सांगत नाही. ह्यातलं मला काही वाढवता आलं नाही.

मी विचारलं, "सर, पेनाचं एवढं काय वावडं?"

सर कपाकडं बघत म्हणाले, "नोकरीला लागलो तवा एका तांड्यावर होतो. दिवाळीनंतर जी पोरं जायची त्यांच्या नावावर मी हजेरीत लाल शाईनं रेघ मारायचो. पट्टी लावून. लई सरळ यायची रेघ. तपासायला आलेल्यांनी शाबासकी दिलती. फाल्गुनात एक पोरगी परत आली. चौथीतली. हजेरी उघडी पडलती टेबलावर. ती आपलं नाव शोधायला लागली. वाचता येत होतं तिला, मीच शिकवलं होतं. नाव सापडलं. रेघ बघितली. कुनाला काही बोलली न्हाई. दप्तर उचललं आन् गेली."

"मग?"

"मंग काय. मी घरी गेलतो बोलवायला. बाप म्हनला, ती म्हनती, मला कमी केलंय."

ट्रक हॉर्न वाजवत गेला. सर म्हणाले, "रेघ खोडायला गेलो. शाई व्हती. पान फाटलं." मग चहा संपवला आणि खिडकीची जागा जाईल म्हणून एसटीकडं घाईनं गेले.

दिवाळी झाली आणि टोळी गेली. जाताना गोदा ट्रकच्या मागच्या फळीवर बसली होती. मी खालून ओरडलो, "ऐकून या गं!" तिनं बोटांनी फळी वाजवून दाखवली.

फेब्रुवारीअखेर सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल अंगावर पडायच्या आत म्हणाले, माझी गाडी हाय. मार्च लागताच एक दिवस आमच्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. पुढं रोज. सकाळी एसटीनं यायचे, चप्पल ओट्याखाली काढायचे, दुपारी डब्यातली भाकरी खायचे आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचे. मी लोकांना सांगतो महिनाभर बसले. नऊ दिवस बसले. त्या वर्षी साखर कारखान्याचा हंगाम लांबला होता. रोज संध्याकाळी निघताना विचारायचे, "मास्तर, आजची तारीख काय हो?" तारीख त्यांना ठाऊक असायची. साहेबांचा मार्चअखेर त्यांच्या छातीवर बसला होता.

दहाव्या दिवशी ट्रॅक्टर आला. मामा उतरले. पोरं उतरली, ओठ फुटलेली, हाताला उसाच्या पाचटाचे चरे. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळी करून, ती ओट्यापुढं उभी राहिली. सरांनी मोजलं. अठरा.

"गोदा?"

मामा खाली बघत म्हणाले, "तिचं कोयतं झालं, सर."

बाहेरच्याला सांगावं लागेल. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिथंच फडावर गोदाचं लग्न लावून दिलं होतं. ती नवऱ्याच्या टोळीबरोबर तिकडंच राहिली होती. मी त्याच आठवड्यात ग्रामसेवकाकडं गेलो, चौकीत गेलो, हेल्पलाइनला फोन लावले. लग्न जिथं लागलं तिथं विचारा, इथले म्हणाले. मुलगी ज्या गावची तिथं विचारा, तिथले म्हणाले. कागदाला कागद आले, गोदा आली नाही.

त्या सकाळी सर पोरांकडं वळले. मग म्हणाले, "वाजवा."

पोरांनी मामांच्या हलगीवर पाळीपाळीनं आणलेलं वाजवलं. कोयत्याचे दोन घाव, खाली बुडख्यावर जड, वर शेंड्यावर हलका. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी पावलं; फळी जिथं वाकते तिथं ठेका अडखळायचा. बैलगाड्यांच्या रांगेतल्या घुंगरांचं एकानं आणलं होतं. एका पोरानं कोरडी, तुटक तीन थापांची ओळ वाजवली आणि थांबला.

"हे काय रे?" सरांनी विचारलं.

"आईचा खोकला, सर. पहाटं पाचटाच्या कोपीत उठती तवाचा."

सरांनी स्टीलचा डबा काढला. तोच, पेनांचा. प्रत्येक पोराला एकेक पेन दिलं आणि मधलं पान ओट्यावर पसरलं. अठरा पोरांनी आपापल्या नावापुढं आपण काय आणलं ते शाईनं लिहिलं. सरांनी स्वतःच्या हातानं कुणाला पेन दिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

एक ओळ राहिली. पान बीडला जायचं होतं. नाव आहे आणि ओळ रिकामी म्हणजे पान अपुरं, आणि अपुरं म्हणजे उपक्रम बंद. अठराच नावं असती तर पान पूर्ण होतं. पेन्सिलीचं तर नाव. मी सरांच्या पिशवीतलं रबर काढलं.

सरांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सर, ह्या अठरांचं बघा," मी म्हणालो. "एका नावासाठी सगळ्यांचं बंद पडंल."

तेवढ्यात मामा पुढं झाले. "गुरजी, तिचं बी हाय. निघताना भेटायला आलती. माझ्याजवळ दिलंय तिनं." त्यांनी हलगी घेतली. उजव्या हातानं कोयत्याचा घाव, आणि घावाबरोबर डाव्या हातातल्या बारीक काडीनं कडेवर एक किणकिण. घाव, किणकिण. घाव, किणकिण. घाव सावकाश येत होते, हात भरून आल्यासारखे. किणकिण मात्र एकदाही चुकली नाही.

"कडंवर काय हाय, मामा?" सरांनी विचारलं.

"बांगड्या, सर. नव्या हाईत. कोपरापतूर भरल्यात."

मी पेन उचललं. म्हणालो, "मग मी लिहितो तिच्या नावापुढं. काम झालं. पान पूर्ण."

"न्हाई," सर म्हणाले. "तिची ओळ ती लिवंल." रबर माझ्या हातातून घेऊन त्यांनी खिशात टाकलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांनी पान बघितलं. अठरा ओळी शाईत, एक नाव पेन्सिलीत. "हे अपूर्ण आहे," ते म्हणाले.

"व्हय," सर म्हणाले. "अपूर्न हाय."

मी म्हणालो, "साहेब, मुलगी शिकली आहे. आणलंय तिनं. यायची आहे फक्त." आणि टेबलावर बोटांनी तिचा ठेका वाजवून दाखवला. माझ्यासारख्याला तो धड येत नाही. साहेबांनी पूर्ण ऐकला. मग पान बराच वेळ पुढ्यात धरून त्यांनी त्या रिकाम्या ओळीला धक्का न लावता, खाली कोपऱ्यात, सही केली.

उपक्रम अजून चालू आहे. आता तीच प्रशिक्षणं मी घेतो, चप्पल बाहेर काढून. पेनांचा डबा सरांनी मला दिला. रबर नाही दिलं. आणि त्या पहिल्या वर्षीचं मधलं पान शाळेच्या कपाटात आहे. पेन्सिलीची अक्षरं पुसट होत जातात, म्हणून दर जूनला, शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी गोदाचं नाव पुन्हा गिरवतो. सरांचा परळीहून फोन यायचा. नमस्कार नाही, तब्येत नाही. "गिरवलं का?" मी म्हणायचो, "गिरवलं, सर." फोन बंद.

ह्या जूनला फोन आला नाही. मीच लावला. त्यांच्या सुनेनं उचलला. म्हणाल्या, "गुरुजी, त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. बोलून बघा." त्यांनी फोन सरांच्या कानाला लावला.

"सर, मी बोलतोय. वाडीचा मास्तर."

"कोन?"

मी तीनदा नाव सांगितलं. तिन्ही वेळा "कोन?"

मग म्हणालो, "सर, गिरवलं."

पोरं प्रार्थनेला उभी होती, मी कपाटाला टेकून उभा होतो. मला वाटलं फोन ठेवला. तेवढ्यात अगदी हळू आवाजात, त्या पहिल्या दिवशी सतरंजीवर बोलले होते तसे, म्हणाले,

"अजून आली न्हाई का ती?"

कोणती, गोदा की तांड्यावरची, ते मी विचारलं नाही. "न्हाई, सर," म्हणालो. "नाव हाय."